ग्रेस हॉपर : वहीतल्या कोडपासून हिरव्या टिकपर्यंत

तुमच्या फोनमधलं कुठलंही एक ॲप घ्या. पैसे पाठवायचं असेल, जेवण मागवायचं असेल किंवा ट्रेनचं तिकीट काढायचं असेल. ते ॲप ज्या कंपनीचं आहे तिने त्यातला सगळा कोड स्वतः लिहिलेला नसतो. फोटो लोड करणं, तारखा दाखवणं, पासवर्ड सुरक्षितपणे पाठवणं अशा कामांसाठी दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड वापरतात. अशा तयार कोडच्या संचाला सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणतात.

आता गंमत बघा. एकेका लायब्ररीवर हजारो ॲप्स उभी असतात. तिच्यात कुणी एक ओळ बदलली आणि ती चुकली, तर ती चूक या सगळ्या ॲप्समध्ये जाणार. हे टाळण्यासाठी जी पद्धत वापरतात तिला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात, थोडक्यात सीआय. कुणीही बदल पाठवला की एक सर्व्हर आपोआप जागा होतो, सगळा कोड नव्याने बिल्ड करतो, आधीपासून लिहून ठेवलेल्या शेकडो टेस्ट वेगवेगळ्या सिस्टिमवर चालवतो आणि निकाल देतो. पास झालं तर हिरवी टिक, नापास झालं तर लाल फुली. हिरवी टिक मिळाली की पुढची पायरी ऑटोमेटेड रिलीज. म्हणजे नव्या व्हर्जनचं पॅकेज आपोआप तयार होतं आणि एनपीएम किंवा पायपीआयसारख्या सार्वजनिक साठ्यात जाऊन बसतं.

या सगळ्याच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी आहेत. एक, कोड उतरवून घेणं, जोडणं आणि पुन्हा पुन्हा तपासणं ही कामं माणसं नीट करू शकत नाहीत, मशीन करू शकतं. दोन, कोड चालतो असं कुणी सांगितलं म्हणून मान्य करायचं नाही, टेस्ट चालवून बघायचं. या दोन गोष्टी लोकांच्या गळी उतरवण्यात एका बाईची कित्येक वर्षं गेली. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. सीआय हा शब्द त्यांचा नाही, आज आपण वापरतो ती टूल्सही त्यांची नाहीत. पण ही टूल्स ज्या अडचणी सोडवतात, त्या अडचणींशी त्या ७५ वर्षांपूर्वी झगडत होत्या.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. माहेरचं आडनाव मरे. वडील विम्याच्या व्यवसायात होते. ग्रेस सात वर्षांची असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला उघडलं. पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत करत घरातली सातही घड्याळं उघडून झाली. आईने ओरडण्याऐवजी तोडगा काढला : इथून पुढे प्रयोगासाठी एकच घड्याळ मिळेल.

त्या काळात मुलींना उच्च गणिताकडे पाठवणारी घरं कमी होती. ग्रेस यांच्या वडिलांना मात्र मुलीनेही मुलासारखंच शिकावं असं वाटायचं. १९२८ मध्ये त्या व्हॅसार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठातून एमए आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते लग्न १९४५ मध्ये संपलं, पण हॉपर हे आडनाव त्यांनी शेवटपर्यंत ठेवलं. पीएचडी होण्याआधीच, १९३१ पासून त्या व्हॅसारमध्ये गणित शिकवत होत्या. चांगली नोकरी, मान, सगळं होतं. पुढची तीस वर्षं तिथेच गेली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं.

वजन कमी, वय जास्त

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. ग्रेस यांना नौदलात जायचं होतं. पण त्यांचं वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं, आणि वजन नौदलाच्या किमान मर्यादेपेक्षा सुमारे ७ किलो कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक देशाला कॉलेजातच हवे होते. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी वजनाच्या अटीतून सूट मिळाली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात तुकडीत पहिल्या आल्या.

जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं. तिथे नौदलाचा गणनाप्रकल्प चालायचा. प्रमुख होते हॉवर्ड एकन, आणि खोलीत होतं मार्क वन नावाचं यंत्र : १५ मीटरहून लांब, वजन सुमारे ५ टन, आतमध्ये फिरणारे दांडे, रिले आणि शेकडो किलोमीटर वायर. वेग किती? सेकंदाला ३ बेरजा. एका गुणाकाराला साधारण ६ सेकंद. पण युद्धाच्या काळात तोफांचे तक्ते आणि इतर किचकट गणितं सोडवायला हाच वेग खूप होता. ग्रेस यांनी आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी एकन यांनी त्यांच्या हातात एक गणित दिलं आणि येत्या गुरुवारची मुदत सांगितली.

मार्क वनला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर छिद्रं पाडून. स्क्रीन नाही, कीबोर्डवर बॅकस्पेस नाही. एक छिद्र चुकलं की उत्तर चुकलं. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे आधीपासून तिथे होते. ग्रेस त्या यंत्राच्या पहिल्या काही प्रोग्रॅमरपैकी एक झाल्या. पुढे त्यांनी मार्क वनचं ५६१ पानांचं मॅन्युअल तयार केलं. ते १९४६ मध्ये छापून आलं.

पहिली लायब्ररी वह्यांमध्ये होती

काम करताना प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं की काही तुकडे पुन्हा पुन्हा लागतात. साइन काढायचा कोड, वर्गमूळ काढायचा कोड. मग प्रत्येकाने एक वही ठेवली. एखादा तुकडा नीट चालला की तो वहीत उतरवून ठेवायचा, सोबत कोणत्या आकड्यांपर्यंत तो चालतो तेही लिहायचं. दुसऱ्याला साइनचा कोड हवा असेल तर तो वही मागायचा आणि बघून बघून उतरवून घ्यायचा. आज आपण एका कमांडने लायब्ररी इन्स्टॉल करतो. तेव्हाचं इन्स्टॉल हे असं होतं : पेन्सिल, कागद आणि मित्राची वही.

अडचण इथेच होती. माणूस उतरवून घेताना चुकतो. पुढे युनिव्हॅक या मशीनवर काम करताना त्यांनी पाहिलं की ४ हा आकडा उतरवता उतरवता मोकळ्या जागेसाठीची त्रिकोणी खूण होतो, नाहीतर इंग्रजी ए होतो. बी या अक्षराचा १३ होतो. दुसरी अडचण पत्त्यांची. वहीतला कोड शून्य क्रमांकाच्या ओळीपासून सुरू व्हायचा. तो आपल्या प्रोग्रॅममध्ये मध्येच बसवायचा तर त्यातला प्रत्येक पत्ता बेरीज करून बदलावा लागे. म्हणजे मूळ कोड बरोबर, तपासलेला, आणि तरी नव्या प्रोग्रॅममध्ये तो चुकीचा. दोष लिहिणाऱ्याचा नाही, मधल्या हाताने केलेल्या कामाचा.

लायब्ररी चालवणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. कोड ठीक असतो, पण रिलीज करताना कुणीतरी चुकीची फाइल उचलतो, एखादी फाइल राहून जाते, व्हर्जनचा नंबर बदलायचा विसरतो. बग कोडमध्ये नसतो, हाताने केलेल्या पायरीत असतो.

त्या पतंगाची खरी गोष्ट

ग्रेस हॉपर म्हटलं की इंटरनेटवर पहिली गोष्ट येते ती पतंगाची. म्हणून ती नीट सांगतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने लॉगबुकमध्ये चिकटवला आणि शेजारी लिहिलं की खराखुरा बग सापडण्याची ही पहिलीच वेळ. हे पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

पण बग हा शब्द त्या दिवशी जन्मला नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती, आणि लॉगबुकमधला विनोदही त्यावरच बेतलेला होता. ती नोंद ग्रेस यांनीच केली असंही नाही. त्यांनी मात्र ही गोष्ट पुढे आयुष्यभर इतक्या ठिकाणी सांगितली की लोकांनी ती त्यांच्याच नावावर टाकली.

मशीनला लायब्ररीयन केलं

युद्ध संपलं. व्हॅसारने परत बोलावलं, ग्रेस गेल्या नाहीत. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळणार नव्हती. लग्न मोडलेलं, पुढचं काही ठरलेलं नाही. या काळात दारूचा त्रासही वाढला होता, आणि जवळच्या मित्रांना त्यांना सावध करावं लागलं. १९४९ मध्ये त्यांनी हार्वर्ड सोडलं आणि फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत नोकरी धरली. पैशाच्या ओढाताणीत सापडलेली ही स्टार्टअपच म्हणा ना. १९५० मध्ये रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. १९५१ मध्ये त्यांचं युनिव्हॅक वन हे मशीन अमेरिकेच्या जनगणना विभागाला मिळालं. त्याची मेमरी होती १,००० शब्दांची, प्रत्येक शब्द १२ अक्षरांचा. तुमच्या एका फॉरवर्ड मेसेजपेक्षा फार जास्त नाही.

इथे ग्रेस यांनी वह्यांचा प्रश्न सोडवायला घेतला. विचार सरळ होता. माणूस उतरवताना चुकतो, बेरीज करताना चुकतो. कॉम्प्युटर तर याच दोन कामांसाठी बनवलाय. मग हे काम त्यालाच का देऊ नये?

त्यांनी तपासून झालेले सगळे तुकडे मॅग्नेटिक टेपवर साठवले. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक दिला, ग्रंथालयात पुस्तकाला असतो तसा. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांकांची यादी द्यायची : आधी हा तुकडा, मग तो, आकडे इथून घे, उत्तर तिथे ठेव. मशीन टेपवरून ते तुकडे शोधणार, एकामागे एक बसवणार, पत्ते बदलणार आणि पूर्ण प्रोग्रॅम तयार करून देणार. एक पेच होता. काही वेळा प्रोग्रॅमला पुढच्या अशा ओळीवर उडी मारावी लागे जी अजून लिहूनच झालेली नसे. त्यावर उपाय त्यांना कॉलेजात खेळलेल्या बास्केटबॉलवरून सुचला. खेळाडू पुढे धावत असतो, तो पोहोचेल त्या जागी चेंडू आधीच टाकायचा. तसंच मेमरीत एक मोकळी जागा ठेवायची, उडी तिथे मारायची आणि खरा पत्ता कळला की तो तिथे भरायचा.

या प्रोग्रॅमचं नाव ए-झिरो. तो १९५२ च्या मे महिन्यापर्यंत चालू झाला होता, आणि त्याच महिन्यात त्यांनी पिट्सबर्गमधल्या परिषदेत त्यावर निबंध सादर केला. तुकडे गोळा करून संकलित करणारा म्हणून त्यांनी त्याला कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो लिंकर आणि लोडरच्या जास्त जवळचा होता. हेही सांगायला हवं की त्याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल हेही सबरुटीनची लायब्ररी वापरत होते. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९५१ मध्ये आलं होतं.

सगळ्यात जड गेलं ते लोकांना पटवणं. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असं त्यांना वारंवार ऐकवलं गेलं. चालणारा प्रोग्रॅम समोर असतानाही. प्रोग्रॅमरनाही ते आवडत नव्हतं, कारण हाताने कोड जुळवणं ही त्यांची खास कला होती. आजही टीममध्ये कुणी रिलीज आपोआप करू या म्हटलं की एखादा जुना माणूस म्हणतोच, त्यापेक्षा मीच हाताने करतो, मला सवय आहे.

ए-झिरोनंतर ए-वन आणि मग ए-टू आला. १९५३ च्या अखेरीस युनिव्हॅकच्या ग्राहकांना ए-टू मिळाला तो सोर्स कोडसकट. सोबत सांगितलं होतं की सुधारणा केल्यात तर आम्हाला परत पाठवा. गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टची सवय असणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. पण साल बघा.

एक प्रोग्रॅम, दोन मशीन

पुढचा हट्ट अजून मोठा होता. पगारपत्रक किंवा मालाचा साठा सांभाळणाऱ्या लोकांना गणिती चिन्हं कशाला? त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता आला पाहिजे. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली. भाषेतले इंग्रजी शब्द ही नुसती खूण आहे, मशीनला त्याचं काही नाही, हे दाखवायला त्यांच्या टीमने तेच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवले. वरिष्ठ खूश होण्याऐवजी घाबरले. अमेरिकन मशीनला परक्या भाषा कशा समजतील, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

१९५९ पर्यंत परिस्थिती अशी होती की प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं आणि त्याची भाषा वेगळी. मशीन बदललं की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहा. त्या वर्षी मे महिन्यात पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्यांसाठी एक सामाईक भाषा तयार करायचं ठरलं. तीच कोबोल. प्रत्यक्ष आराखडा जीन सॅमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या समितीने लिहिला. ग्रेस सल्लागारांमध्ये होत्या. पण कोबोलवर सगळ्यात जास्त छाप फ्लो-मॅटिकची होती, म्हणून लोक त्यांना कोबोलची आजी म्हणतात.

सामाईक भाषा कागदावर झाली. ती खरंच सामाईक आहे का, हे कसं कळणार? ६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी कोबोलचा एकच प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक टू या दोन पूर्ण वेगळ्या मशीनवर चालवून दाखवला. आज सीआयमध्ये एकच कोड विंडोज, मॅक आणि लिनक्सवर एकदम तपासतात, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की तेव्हा ते एकदाच झालं, सोहळ्यासारखं. आज ते प्रत्येक बदलाला होतं आणि कुणी मान वर करूनही बघत नाही.

सहा महिन्यांसाठी बोलावलं

१९६६ संपताना ग्रेस साठ वर्षांच्या झाल्या आणि नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त झाल्या. ही निवृत्ती फक्त सात महिने टिकली. ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. हे सहा महिने पुढे १९ वर्षं चालले.

बोलावण्याचं कारण होतं कोबोलचा गोंधळ. भाषा एक, पण प्रत्येक कंपनीने आपल्या कंपायलरमध्ये थोडं कमी, थोडं जास्त केलेलं. नौदलाकडे अनेक कंपन्यांची मशीन होती. प्रत्येक विक्रेता सांगायचा की आमचा कोबोल पक्का आहे. आणि तरी एका मशीनवरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर गेला की अडायचा. पगार, सुटे भाग, जहाजांचा पुरवठा, सगळं याच प्रोग्रॅमवर अवलंबून. मशीन बदललं की जुने प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात महिने जायचे आणि पैसा जायचा. एका विक्रेत्याच्या बोलीत सगळं लिहून बसलात की त्यालाच बांधील झालात.

१९६८ मध्ये कोबोलचं अमेरिकेतलं अधिकृत मानक आलं. पण मानक म्हणजे जाडजूड पुस्तक. पुस्तक वाचून कंपायलर बरोबर आहे की नाही कळत नाही. ग्रेस १९६७ ते १९७७ या काळात नौदलाच्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या गटाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या गटाने दुसरा मार्ग धरला. मानकातल्या नियमांसाठी छोटे छोटे कोबोल प्रोग्रॅम लिहायचे. कंपायलरने ते चालवायचे. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं तर पास, नाही आलं तर नापास. वाद नाही, प्रेझेंटेशन नाही, ओळखपाळख नाही.

या टेस्टची रचना बघितली तर आजची वाटते. या घराण्यातल्या टेस्टच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक तपासणीपुढे पास किंवा फेल छापलेलं असतं. फेल असेल तर मिळालेलं उत्तर आणि बरोबर उत्तर एकाखाली एक. शेवटी किती पास, किती नापास याची बेरीज. प्रत्येक मशीनवर टेप, प्रिंटर वगैरेंची नावं वेगळी असत, म्हणून टेस्टमध्ये त्या जागा रिकाम्या ठेवलेल्या. एक मुख्य प्रोग्रॅम त्या मशीनप्रमाणे नावं भरायचा आणि टेस्ट तयार करून द्यायचा. म्हणजे टेस्ट सगळ्यांना सारखी, फक्त सेटिंग वेगळं. सीआयची कॉन्फिग फाइल तुम्ही पाहिली असेल तर ही कल्पना लगेच समजेल.

अमेरिकेच्या हवाई दलाकडेही कोबोलच्या स्वतःच्या टेस्ट होत्या. पुढे हे काम एकत्र आलं आणि १९७० च्या दशकात नौदलाच्या अखत्यारीत फेडरल कोबोल कंपायलर टेस्टिंग सर्व्हिस उभी राहिली. सरकारला कोबोल कंपायलर विकायचा असेल तर आधी या टेस्टमधून जा, असा नियम झाला. हे काम एकट्या ग्रेस यांचं नव्हतं. टेस्ट लिहिणारी आणि चालवणारी बरीच माणसं होती. पण कंपनीचं नाव किंवा विक्रेत्याचा शब्द यापेक्षा टेस्टचा निकाल मोठा, हे तत्त्व त्यांनी नौदलाच्या अधिकाराने सगळ्यांना मान्य करायला लावलं. लायब्ररीच्या पानावरची हिरवी टिक हेच सांगते : लेखक कितीही नावाजलेला असो, बदल टेस्टमधून गेला का ते दाखवा.

एक फूट वायर

ग्रेस उत्तम शिक्षिका होत्या. त्यांच्या व्याख्यानांना तरुण पोरं गर्दी करायची. त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे वायरचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते. उपग्रहावरून संदेश यायला वेळ का लागतो असं कुणा ॲडमिरलने विचारलं की वायर दाखवायची आणि मधे असे किती तुकडे बसतात ते मोजायला सांगायचं. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. एखादी गोष्ट नेहमी अशीच करतो, एवढ्या कारणासाठी ती तशीच करायची गरज नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला न बोलता कळावं म्हणून.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघटनेने त्यांना संगणकशास्त्रातला पुरस्कार दिला, त्याचं नाव होतं मॅन ऑफ द इयर. पुरस्काराची पहिली मानकरी बाई, आणि नावात मॅन. १९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या खास नेमणुकीने कमोडोर. १९८५ मध्ये त्या हुद्द्याचं नाव बदललं आणि त्या रिअर ॲडमिरल झाल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९. नौदलात तेव्हा त्यांच्याहून वयाने मोठा कार्यरत अधिकारी नव्हता. त्यानंतरही त्या घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी ८५ व्या वर्षी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी मानवंदना मिळाली. पुढे त्यांच्या नावाने युद्धनौका निघाली, २०१६ मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

मागे काय राहिलं?

कोबोलमधल्या खोडींचा आपल्याकडच्या लोकांनाही अनुभव आहे. वर्ष दोन आकड्यांत लिहायच्या सवयीमुळे २००० सालाआधी जगभरचे जुने प्रोग्रॅम तपासावे लागले आणि त्यातलं बरंच काम भारतीय आयटी कंपन्यांकडे आलं. तुमच्या ओळखीत त्या काळी आयटीत लागलेलं कुणी असेल तर विचारून बघा, बहुतेक कोबोलचं नाव निघेल.

टेस्टही गेल्या नाहीत. ग्नूकोबोल हा आजचा ओपन सोर्स कंपायलर आहे. त्यात बदल करणारे लोक तो बिल्ड केल्यावर कोबोल ८५ मानकाच्या सरकारी टेस्टचा संच चालवून बघतात. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त तपासण्या तो पास करतो. ग्रेस यांच्या गटाच्या काळात जी परंपरा सुरू झाली, त्याच परंपरेतला हा संच.

फरक पडला तो वेगात. तेव्हा कंपायलर अधूनमधून, प्रमाणपत्रासाठी तपासला जायचा. १९९० च्या दशकात केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग मांडलं, त्यात दिवसातून अनेकदा कोड एकत्र करून तपासायचा आग्रह होता. २००१ मध्ये क्रूझकंट्रोल आलं, मग जेन्किन्स, मग ट्रॅव्हिस, आणि आता गिटहब ॲक्शन्स. आज एखाद्या कॉलेजच्या पोराने बनवलेल्या ओपन सोर्स लायब्ररीलाही जवळपास फुकटात ती तपासणी मिळते, जी मिळवायला एकेकाळी नौदलाची ताकद लागली.

पण हाताने केलेली पायरी शिल्लक राहिली की काय होतं, तेही ताजं आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या लायब्ररीत चोरवाट सापडली. ती चालू करणारा भाग सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या कोडमध्ये नव्हताच. तो फक्त रिलीजच्या पॅकेजमध्ये होता, आणि ते पॅकेज विश्वास कमावून बसलेल्या एका व्यक्तीने स्वतः तयार करून चढवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ते पकडलं गेलं. दिसणारा कोड एक आणि पोहोचणारा कोड दुसरा, मधे एक माणूस. वह्यांच्या काळात हे चुकून व्हायचं, इथे मुद्दाम केलं. रिलीज मशीनने, सगळ्यांसमोर, थेट त्याच कोडमधून बनवावं असा आग्रह धरतात तो यासाठी.

आणि हिरवी टिकही आंधळेपणाने मानू नका. टेस्टमध्ये जे विचारलं तेवढंच मशीन तपासतं. काय विचारायचं हे ठरवणं अजून माणसाचंच काम आहे. ग्रेस हॉपर यांनी मशीनला दिलं ते उतरवण्याचं, जोडण्याचं, तपासण्याचं कंटाळवाणं काम. प्रश्न विचारायचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. तुम्ही कोडिंग शिकत असाल तर पुढच्या प्रोजेक्टमध्ये एक तरी टेस्ट लिहा आणि ती प्रत्येक बदलाला आपोआप चालेल अशी लावून ठेवा. आणि कुठलीही लायब्ररी वापरण्याआधी तिचं पान उघडून दोन गोष्टी बघा : टेस्ट कशाकशाची होते, आणि पॅकेज कोण बनवतं, मशीन की माणूस.